कुलूपबाई

कुलूपबाईंची जीप कारखान्याच्या फाटकाशी थांबली आणि रंगारी धावतच पुढे आला. प्रदूषण खात्याच्या या निरीक्षक बाईंनी आजवर इतक्या कारखान्यांना टाळं ठोकलं होतं, की त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"या, या! सगळं व्यवस्थित आहे बघा," म्हणत तो गाळाच्या टाकीसमोर ऐसपैस उभा राहिला.

"मग ओढा निळा कसा?"

"आभाळ दिसत असेल त्यात."

बाईंनी वर पाहिलं. आभाळ राखाडी होतं. रंगाच्या कढईत सूत ढवळणारी त्याची बायको फिस्सकन हसली.

"पुरे आता," ती नवऱ्याला म्हणाली. "बाई, टाकीची चाळणी तुंबलीय. पाणी मागच्या पाईपातून तसंच ओढ्यात जातंय. दुरुस्तीला कुणाला बोलवावं तर बोभाटा होईल, म्हणून हे गप्प."

रंगाऱ्यानं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं! हळूच उघडले, तर बाई बाह्या वर सारत होत्या.

"पाना आहे का?"

"म्हणजे... कुलूप नाही?"

"गेल्या वर्षी लावलंच असतं. पण आम्ही इथे कुलूप लावतो आणि लोक तिकडून चोरून पाईप काढतात. ओढा निळा तो निळाच. म्हणून आता जो खरं सांगेल, त्याची आधी दुरुस्ती. पुन्हा लपवलंत तर मात्र गय नाही. धरा ते टोक."

तिघांनी मिळून चाळणी ओढून काढली. गाळाचा लोंदा बदकन पडला आणि बाईंच्या नाकावर निळा शिंतोडा उडाला. पुसायला गेल्या, तर गालभर पसरला.

"पक्का रंग आहे आमचा," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "आठवडाभर तरी हटायचा नाही!"

बाई खळखळून हसल्या. त्यांना हसताना रंगाऱ्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

चाळणी धुऊन परत बसवली आणि मागच्या पाईपाला बाईंनी स्वतः बूच ठोकलं. थोड्या वेळानं टाकीच्या तोटीतून पाणी येऊ लागलं. आधी फिकट निळं, मग पाण्यासारखं पाणी.

तेवढ्यात भिंतीवरून एक डोकं वर आलं. शेजारच्या कारखान्याचा मालक. हा गृहस्थ जीप दिसली की आतून कडी घालून बसायचा.

"बाई," तो घसा खाकरत म्हणाला, "इथलं आटोपलं की जरा आमच्याकडे येता? आमचाही एक पाईप आहे... ओढ्याकडे जाणारा."