नाथाजीपेक्षा चार जास्त

"नाथाजीनं किती बसवल्यात?" नानासोंचा पहिला प्रश्न हा.

सोलरवाला मुकुल मलकापूरहून भर उन्हात मोटारसायकलवर आला होता. घरात काय काय चालतं, एवढंच विचारायला त्याने तोंड उघडलं होतं.

"सहा पॅनेल," तो म्हणाला. "मीच बसवली. बॅटरीसकट."

"मग आमाला धा."

लीलाबाई पडवीत शेवयांच्या मशीनपाशी उभ्या होत्या. लाईट जाऊन बराच वेळ झाला होता. मशीनच्या तोंडाला लोंबणाऱ्या शेवया तिथेच वाळून कडक झाल्या होत्या, आणि भिजवलेल्या पिठाच्या पराती घेऊन आलेल्या बाया भिंतीला टेकून पदराने वारा घेत होत्या. शेवयांचा हंगाम जेमतेम चैत्र-वैशाखाचा, आणि लाईट जाते तीही नेमकी तेव्हाच, दुपारची. सोलर घ्या, सोलर घ्या म्हणून लीलाबाईंनी नवऱ्यापुढे डोकं फोडलं होतं ते या मशीनसाठी. माणूस हललासुद्धा नव्हता. चुलतभाऊ नाथाजीच्या छपरावर काचा चमकल्या तेव्हा कुठे हलला. पोटात दुखल्याशिवाय या माणसाचं डोकं चालत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

"काका, फोनवर सांगितलेल्या तुमच्या बजेटात दहा पॅनेल आणि बॅटरी दोन्ही बसत नाहीत," मुकुल समजावू लागला. "सहा घेतली तर बॅटरी येते. दहा घेतली तर बिनबॅटरीची."

"बॅटरी ठिवत्यात कुठं?"

"घरात. जिन्याखाली वगैरे."

"जिन्याखाली?" जावयाला जिन्याखाली बसवा म्हटल्यासारखं नानासोंनी तोंड केलं. "मग ती दिसणार कुणाला?"

"आवं, लाईट गेल्यावर बिनबॅटरीचं चालतंय का, तेवढं तरी इचारा," लीलाबाई म्हणाल्या.

"तू गप गं. ह्यातलं तुला काय कळतंय?"

मुकुलने उत्तर लीलाबाईंनाच दिलं. "नाही चालत, काकी. लाईट गेली की तेही आपोआप बंद होतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. मशीन चालवायचं तर बॅटरीच पाहिजे."

"ऐकलंसा न्हवं?"

"बिल तर कमी येतंय? मग झालं. धा."

भिंतीपलीकडे नाथाजीच्या घरात मशीन घरघरत होतं. त्याच्या बायकोने, बनुबाईने, यंदाच घेतलं होतं. लाईट गेलेली तिच्या गावीही नव्हती.

इकडे एक बाई उठली. "आक्का, पीठ आंबाय लागलंय. राग धरू नगा." तिच्यामागून दुसरी उठली, मग सगळ्याच उठल्या. पराती कमरेवर घेऊन बाया फाटकातून बाहेर पडल्या आणि बनुबाईच्या दाराकडे वळल्या. त्यांना वाट द्यायला नानासोंनी पाय तेवढे आखडून घेतले. डोळे छपरावरच होते.

लीलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाईक डोळ्यांदेखत गेलं, आणि हा बाबा छपरावर जागा शोधतोय. माणूस म्हणायचं की बुजगावणं?

"सायेब," त्या मुकुलला म्हणाल्या, "वायरी तरी कशाला वडताय? नुसत्या काचा ठोका छपरावर. धा कशाला, ईस ठोका. ह्यांचं तेवढ्यात भागतंय."

मुकुलने हसू दाबायला मान खाली घातली.

नानासो मात्र विचारात पडले. त्यांनी हनुवटी खाजवली. एकदा नाथाजीच्या घराकडे पाहिलं, एकदा आपल्या छपराकडे. मग मुकुलजवळ सरकून हळूच म्हणाले,

"वायर न्हाई, ते खालनं वळखू येतंय का वो?"