आडवा शब्द
कळंबच्या गौरीशंकर गुरुजींच्या घरी रोजचं शब्दकोडं भरायचे गुरुजी आणि शेगडीपुढून उत्तरं सांगायच्या शिवलीलाबाई. आज कोड्याचा विषयच स्वयंपाकघर निघाला, तेव्हा बाईंनी पेन हिसकावून घेतलं. उखळ, उलथनं, सांडशी झरझर भरून झालं. मग आडवा शब्द आला: भाकरीसोबत खातात, चार अक्षरी. बाईंनी 'कोरड्यास' म्हणताच गुरुजी हसले. "ते आपल्या घरात झालं. पेपरात कालवण लागतं." "सकाळी काय खाल्लं तुम्ही?" "कोरड्यास," गुरुजी बोलून गेले. बाईंनी चारी घरं शाईनं भरली. "अगं, पहिल्याच घरातनं खाली काकडी उतरते. आता तिची कोकडी झाली." "झाली तर झाली. लई वर्षं तुमच्या पेपरापायी माझे शब्द बदलले, आज पेपराचा एक बदलला." बाईंनी पिशवी गुरुजींच्या हातात ठेवली. "आता बाजारला जाणारच आहात, तर येताना दोन कोवळ्या कोकड्या आणा."