मुठीएवढं बोळकं

सात महिन्यांची रजा संपवून ती आज पुन्हा संग्रहालयात कामावर आली होती, पण जीव सगळा घरी अडकलेला. बाळ सकाळपासून बाटलीला तोंड लावत नव्हतं. रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. सासूबाईंचे तीन फोन येऊन गेले.

समोर टेबलावर मुठीएवढं मातीचं बोळकं होतं. तांबड्या रंगावर काळे मासे रंगवलेले, एका बाजूला बारीक तोटी. चिठ्ठीवर सरांचं अक्षर होतं, 'दिव्यात तेल घालण्याचं भांडं'. कुंचल्याने धूळ झाडता झाडता तिचा हात थांबला. दोन्ही अंगांचे मासे पार झिजले होते, अगदी इवल्या तळव्यांएवढ्या जागेत.

"सर, तेलाचं कसलं? हे बोंडलं आहे. कुणीतरी दोन्ही हातांनी धरून यातून दूध प्यायचं."

सरांनी चष्मा वर सरकवला. "अगं, खरंच की! आणि आम्ही तीस वर्षं तेल तेल करत बसलो!"

तेवढ्यात घरून मेसेज आला, 'झोपला एकदाचा.' तिचा जीव भांड्यात पडला.

सर उत्साहाने उत्खननाची जुनी वही चाळत होते. "बघू तरी, चुलीपाशी सापडलं की अंगणात." पान मिळालं तसा त्यांचा आवाज उतरला. "घरात नाही गं. पुरलेल्या बाळाच्या उशाशी होतं."

तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"हळू बोल," सासूबाई कुजबुजल्या, "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"आई, उठवा त्याला."