डिशच्या केबलचा अँटेना

घशाच्या ऑपरेशनमध्ये भालचंद्ररावांचा आवाज गेला, तेव्हा त्यांनी दूरदूरच्या मित्रांशी गप्पा मारायचा आपला हॅम रेडिओ माळ्यावर टाकला आणि गच्चीवरचा अँटेना भंगारात दिला. वर्षभरानं एका सकाळी रेडिओ खाली काढून ते नव्या अँटेनासाठी डिशची उरलेली केबल सोलायला बसले. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी त्यांनी वेगळी केली.

"अहो, पण बोलणार कसे?" इंदुमतीबाईंनी हळुवारपणे विचारलं. हल्ली सगळेच भालचंद्ररावांशी तसं बोलत.

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बोटांनी. मोर्सच्या टिंब-रेघांत. तू हे टोक धर.'

तार टाकीला बांधली, जाळी कठड्याला. केबल खिडकीतून आणून रेडिओला जोडली. भालचंद्ररावांनी मोर्समध्ये कोचीच्या जुन्या मित्राला, कुरियनला, हाक दिली. आधी नुसती खरखर. मग शिट्टीसारखे तुटक सूर येऊ लागले. ऐकता ऐकता भालचंद्रराव हसू लागले.

"काय म्हणतोय?"

त्यांनी लिहिलं, 'होतास कुठे? आणि अजून तीच घाई! सावकाश पाठव, एक अक्षर कळत नाही!'

आजारपणानंतर कुणी त्यांना असं दटावलंच नव्हतं. भालचंद्ररावांनी बोटं मोकळी केली आणि मुद्दाम आणखी भरभर उत्तर पाठवलं.