खिशावरची पट्टी

अग्निशमन दलातल्या काकांवर सिनेमा निघाला होता. काका बोलताना अडखळतात, एवढं ऐकून त्यांचं काम करणाऱ्या नटाने पहिल्याच शॉटला शब्दाशब्दाला अडखळत सगळ्यांना हसवलं. पाहायला आलेले खरे काकाही हसले, जरा उशिरा. “जमलं ना, काका?” नटाने विचारलं. “छान. पण आगीत ‘पळा’ म्हणताना कधी अडलो नाही रे. जीभ अडते स्वतःचं नाव सांगताना. मग समोरचाच पुरं करून टाकतो.” त्यांनी खिशावरची नावाची पट्टी काढून त्याच्या खिशाला लावली. “म्हणून हिच्यावर बोट ठेवतो.” पुढच्या शॉटला नाव विचारल्यावर नटाने नुसतं बोट ठेवलं. कुणी हसलं नाही. नंतर चहावाल्या मावशींनी काकांना नाव विचारलं. बोट मोकळ्या खिशावर गेलं. पहिलं अक्षर ओठांवरच अडलं. नटाला नाव तोंडपाठ होतं. शेवटचं अक्षर येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.