रेंज गेल्यावर

तिचा नवरा ट्रकवर असायचा. त्याची रीत ठरलेली: मुक्कामाला पोचला की एक मिस्ड कॉल, घराखाली आला की लागोपाठ दोन.

शेवटच्या खेपेला मिस्ड कॉल आलाच नाही. आली ती अपघाताची बातमी. तरी ती आपला बटणांचा फोन रोज चार्ज करायची.

आज लेकीने तो काढून घेतला. "आई, जुनं नेटवर्क कायमचं बंद झालं. आता यावर कुणाचाच फोन यायचा नाही."

लेकीने सिमही काढलं.

फोन एकदा वाजला आणि कट झाला.

"पोचले गं तुझे बाबा," तिला रडू फुटलं. "एकदाचे पोचले!"

फोन पुन्हा वाजला.

ती डोळे पुसत लगबगीने उठली. लेक मात्र दाराला पाठ लावून उभी राहिली.