घामाची सवय

दोन वर्षांपूर्वी मिल बंद झाल्यावर चांगदेवने घरी सांगितलं होतं की सांवेर रोडच्या एका गोदामात चौकीदारी मिळाली आहे, कूलरसमोर खुर्चीवर बसून राहायचं. पन्नाशीत भट्टीचं काम करायचं नाही, अशी त्याच्या बायकोने, गिरिजाने, शपथच घातली होती.

त्या रविवारी त्यांच्या मुलीला, संबोधीला, कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी माणूस हवा होता. भर दुपारी तिने बापाला वीस मिनिटं पायरीवर चढउतार करायला लावलं. आठवड्याभराच्या थकव्याने त्याचे पाय भरून आले होते, पण पोरीला नाही म्हणवेना. शेवटी थर्मामीटर बघून ती चकित झाली.

"बाबा, काल मी केलं तेव्हा माझं टेम्परेचर अंशभर चढलं. तुमचं जेमतेम हललं! आणि घाम तर तुम्हाला लगेच फुटला."

"मिलमधली सवय आहे, बेटा."

"ती सवय शरीर महिन्याभरात विसरतं. रोज गर्मीत राबणाऱ्यालाच असा घाम येतो." तिचा आवाज एकदम खाली आला. "सच सांगा, तुम्ही कुठे काम करता?"

चांगदेव पायरीवरच बसला. दोन वर्षांचं खोटं आता त्याच्याने ओढवेना.

"लोखंडाच्या भट्टीवर," तो म्हणाला. "पण तुझ्या आईला कळू देऊ नको."

"आईला काय कळायचं राहिलंय?" पाण्याचा तांब्या घेऊन गिरिजा दारात उभी होती. "तुमच्या शर्टावरचं मीठ रोज मीच धुते. डब्याबरोबरच्या बाटलीत लिंबू-मीठ उगीच घालते का?"